पूर्वेकडे तोंड केलेला खोडा

मित्रांनो, मी एक जुना खोडा आहे. बाभळीचे चार खांब, दोन्ही अंगांना आणि पुढे आडवे दांडे, एवढाच माझा देह. गुरांच्या दवाखान्यात आजारी जनावर ज्याच्यात उभे करतात, तो मी. जनावर आत आले की मागे अडसर लावतात, पुढे कुणीतरी तोंडाशी दोर धरते, आणि मग डॉक्टर काय ते करतात. जनावराने लाथ झाडली तर ती मला लागते, डॉक्टरांना लागत नाही.

गोष्ट जन्मापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे. पण मला आधी एक दुपार आठवते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

१९७८ सालचा कार्तिक महिना होता. तासगावच्या बाहेर आमचा दवाखाना आहे. शेजारच्या मळ्यातल्या साळूबाई त्यांची म्हैस घेऊन आल्या होत्या. म्हशीच्या खांद्याला गळू झाले होते. डॉक्टर दहा दिवस मिरजेला होते. त्यांच्या पत्नी चारुशीलाबाईंना तिथल्या माणसांच्या दवाखान्यात ठेवले होते. आज डॉक्टर येणार असा निरोप होता, म्हणून साळूबाईंनी म्हैस माझ्यात उभी केली आणि त्या वाट बघत बसल्या.

दुपारच्या एसटीतून डॉक्टर उतरले. एकटेच होते. एका हातात बाईंची कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात नवे कुलूप. आमच्या दवाखान्याला तोवर कुलूप नव्हते.

साळूबाईंनी विचारले, "डॉक्टरीणबाई कवा यायच्या?"

डॉक्टर म्हशीकडे वळले. पिशवी खाली ठेवून त्यांनी गळू चाचपले. आत जाऊन हात धुतले, चाकू उकळून आणला. आणि मग ते म्हशीच्या खांद्याशी न थांबता सरळ पुढे गेले आणि तिच्या तोंडाशी उभे राहिले. तिथे चारुशीलाबाई उभ्या राहत. एका हातात दोर, एका हातात चाकू. गळू खांद्याला होते आणि डॉक्टर तोंडाशी उभे होते. साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. मलाही तेव्हाच कळले.

"म्हैस घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "दवाखाना बंद आहे."

सांगलीला नदीच्या घाटावर बाईंचे सगळे उरकून ते तिसऱ्या दिवशी आले होते, ते फक्त कुलूप लावायला. त्यांनी ते लावले आणि संध्याकाळच्या एसटीने ते परत गेले. दोर माझ्या दांड्यावर तसाच लोंबत राहिला.

आता माझा जन्म सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात वडूजला गुरांची छावणी लागली. डॉक्टर तिथल्या सरकारी दवाखान्यात होते. त्यांचे नाव चिंतामण. ते मूळचे वाईचे. मुंबईला शिकून जनावरांचे डॉक्टर झाले, तेव्हा घरच्यांना ते फारसे रुचले नव्हते. त्यांचे एक काका पंगतीत त्यांना दरवेळी विचारत, "चिंतामणा, हात धुतलेस ना नीट?" डॉक्टर दरवेळी हात पुढे करून दाखवत आणि काका दरवेळी वास घेऊन बघत. डॉक्टर हे हसत सांगत. पण सांगत मात्र वारंवार.

छावणीत हजारभर जनावरे होती आणि धड खोडा नव्हता. भुकेले जनावरसुद्धा सुईला घाबरते आणि घाबरले की बळ कुठून आणते कोण जाणे. दोन माणसांच्या बरगड्या मोडल्या. तेव्हा लालासाहेब नावाचे फौजेतून परतलेले एक शेतकरी पुढे आले. त्यांची खिलार जोडी छावणीत होती. त्यांनी बांधावरची जुनी बाभूळ तोडायला दिली. ती बाभूळ म्हणजे मी. गावकरी म्हणाले, आजोबांच्या हातची आहे, कशाला तोडता. लालासाहेब म्हणाले, "बाभळ परत उगवंल. बैल उगवत न्हाई."

मला घडवले ज्योतिबा सुतारांनी. हा माणूस कामाच्या वेळी कमी बोलतो आणि काम झाल्यावर त्याहून कमी. त्यांनी माझे दांडे तासून असे गुळगुळीत केले की जनावराचे कातडे खरचटू नये.

चारुशीलाबाई छावणीवर डॉक्टरांची भाकरी घेऊन येत. त्या सांगलीच्या, शहरातल्या घरच्या. जनावरांची त्यांना सवय नव्हती. एका दिवशी एक बैल माझ्यात उभा राहीना. चार माणसांना आवरेना. बाई भाकरीचा डबा बाजूला ठेवून पुढे आल्या. त्यांनी दोर घेतला, बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी म्हणाल्या, "एवढंच. एवढंच हं. झालं आता." बैलाने कान हलवला आणि तो उभा राहिला. का राहिला ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी पटकन सुई दिली. त्या दिवसापासून ती जागा बाईंची झाली. लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणू लागले.

पाऊस झाला, छावणी उठली. माझे खांब उपटून सरपणाच्या ढिगावर टाकले होते. बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "हा खोडा आपल्याला हवा."

"कशाला? आपल्या खोलीला अंगणसुद्धा नाही."

"अंगण मागून येईल," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, आमचा दवाखाना खरे तर त्या दिवशी सुरू झाला. जागा नव्हती, इमारत नव्हती, परवानगी नव्हती. फक्त मी होतो, तोही सुटा सुटा, भाड्याच्या खोलीमागे पडलेला. दोन वर्षे माझ्या दांड्यांवर कुरडयांची कापडे वाळली. मला त्याचे वाईट वाटले नाही. सरपण होण्यापेक्षा कुरडया बऱ्या.

पंचाहत्तर साली डॉक्टरांना बढती मिळाली. साताऱ्याला कार्यालयात बसायचे होते. घरचे सगळे खूश झाले. काकांनी तर हातांचा वास घेणेही सोडले. बाईंनी मात्र एवढेच विचारले, "तिथे जनावर कागदावर दिसेल. तुम्हाला चालेल का?"

डॉक्टरांनी पंधरा दिवस विचार केला आणि राजीनामा दिला. तासगावच्या बाहेर बाईंच्या वडिलांची, विष्णुपंतांची, आठ गुंठे खडकाळ जागा होती. ती त्यांनी लेकीच्या नावावर केली होती. तिथे ट्रकमधून मी आलो. मला उभे करायला वडूजहून ज्योतिबा आले. ते पुढे तिथेच राहिले.

इथे आमच्या डॉक्टरांची एक चूक झाली.

ज्योतिबांनी विचारले, "तोंड कुणीकडं करायचं?" डॉक्टरांनी उजेडाचा विचार केला. जनावर दक्षिणोत्तर उभे राहिले तर दिवसभर दोन्ही कुशींवर उजेड पडतो, जखम नीट दिसते, आणि कुणाच्या डोळ्यांत ऊन जात नाही. म्हणून ते म्हणाले, "दक्षिणेकडे करा." ज्योतिबा क्षणभर थांबले. मग त्यांनी खड्डे खणले.

दोन महिने गेले. एकही जनावर आले नाही. लोक येत, नमस्कार करत, पाणी पिऊन जात. कुणी म्हणे गाय बरी झाली, कुणी म्हणे पाहुणे आलेत, पुढच्या आठवड्यात आणतो. सरकारी दवाखान्यापुढे रांग असे. डॉक्टर पायरीवर बसून पुस्तक वाचत. राजीनाम्याबद्दल ते काही बोलत नसत, पण रोज तेच पान उघडे असे.

शेवटी बाई साळूबाईंच्या विहिरीवर गेल्या. धुणे धुता धुता त्यांनी सरळ विचारले, आमचे काय चुकते? साळूबाई आधी इकडचे तिकडचे बोलल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरांचा हात लय चांगला हाय म्हणत्यात. पण बाई, खोड्याचं तोंड यमाकडं हाय. तिकडं तोंड करून जितं जनावर कुणी उभं करतंय व्हय?"

बाई घरी आल्या आणि डॉक्टरांना हे सांगितले. डॉक्टर आधी हसले. मग रागावले. मग ज्योतिबांना बोलावले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई," ज्योतिबा म्हणाले. "शिकलेल्या माणसाला आमी काय सांगावं?"

डॉक्टर म्हणाले, पूर्वेकडे तोंड केले तर सकाळी ऊन जनावराच्या डोळ्यांत जाईल, आणि दुपारी दोर धरणाऱ्याच्या. मग वर छप्पर लागेल. बाई म्हणाल्या, "लागलं तर लागलं. करू सावकाश."

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, आदल्या दिवशी मला उपटून फिरवले. बेंदराला बाईंनी माझ्या चारही खांबांना हळदकुंकू लावले आणि पुढच्या दांड्याला आंब्याची डहाळी बांधली. तिसऱ्या दिवशी साळूबाईंनी आपली गाय आणली. आठवडाभरात रांग लागली.

पुढची तीन वर्षे माझ्या आयुष्यातली भरलेली वर्षे. कवठे महांकाळकडून, विट्याकडून जनावरे येत. जतकडचे धनगर मेंढ्या घेऊन येत आणि एकेक मेंढी खांद्यावरून माझ्यात उतरवत. मेंढीला खोडा लागत नाही. पण त्यांना ती तिथेच उभी करायची असे. लालासाहेबांनी तर वडूजहून ट्रकमधून आपला बैल आणला आणि सगळ्यांना माझा खांब थोपटून सांगितले, ही आमची बाभळ. गाय सुखरूप व्याली की लोक चीक आणून देत. बाई खरवस करत आणि पहिली वडी ज्योतिबांना देत.

छप्पर मात्र होईना. पहिल्या वर्षी मुक्कामी जनावरांसाठी गोठा बांधला. दुसऱ्या वर्षी दगडी खोली उभी राहिली आणि दारावर पाटी लागली. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मोटारसायकल घेतली, कारण अडलेली म्हैस दवाखान्यात चालत येऊ शकत नाही. दरवेळी डॉक्टर म्हणत, यंदा खोड्यावर छप्पर करू. आणि दरवेळी बाई म्हणत, "आधी गुरांचं बघा. माझ्या डोक्यावर पदर आहे." दुपारी मावळतीचे ऊन त्यांच्या तोंडावर येई. डोळे बारीक करून, एका हाताने दोर आणि एका हाताने कपाळावरचा पदर धरून त्या उभ्या राहत.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मी कुणाला सांगू शकलो नाही. लाकडाला बोलता येत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात बाई माझ्या पुढच्या दांड्याला टेकू लागल्या. आधी कोपर टेकायच्या. मग कूस. श्रावणात त्यांचा सगळा भार माझ्यावर असे. जनावर शांत करता करता त्या स्वतःचा श्वास शांत करत. "एवढंच, एवढंच" हे त्या जनावराला म्हणत की स्वतःला, हे मला सांगता येणार नाही.

त्यांच्या पायात जोडवी नव्हती. पाय सुजले होते, म्हणून काढली होती. साळूबाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, सोनाराकडे दिली आहेत, मोठी करायला. पण ती त्यांच्या कमरेला, रुमालात बांधलेली होती. त्या टेकल्या की मला ती लागत.

एके दिवशी जतकडचा एक शेतकरी गाय घेऊन आला. गाय खात नव्हती. तीन महिने हळूहळू वाळत चालली होती. गावात कुणाला काही सापडले नव्हते. डॉक्टरांनी तिला माझ्यात घेण्याआधी उतारावर चालवून बघितले. मग तिला माझ्यात उभी करून ते त्या शेतकऱ्याला समजावून सांगू लागले. मला ते शब्द पाठ आहेत.

"बघा, उतार आला की ही थांबते. कोपरं बाहेर काढून उभी राहते. गळ्याखाली सूज आहे. चाऱ्यातून तार गेली असेल पोटात, ती आता काळजाकडे सरकली आहे. हिला छातीत दुखतंय. जनावर बोलत नाही. आपण बघावं लागतं."

शेतकरी म्हणाला, "डॉक्टर, तुमास्नी बरं एवढं दिसतं."

गाईच्या तोंडाशी, डॉक्टरांपासून चार हातांवर, बाई दोर धरून उभ्या होत्या. पाय सुजलेले, ओठ निळसर, सगळा भार माझ्यावर. डॉक्टरांची नजर गाईच्या गळ्यावरून दोरावर गेली, दोरावरून बाईंच्या हातापर्यंत गेली, आणि परत गाईकडे आली. त्यांनी फक्त म्हटले, "दोर जरा वर घे." बाईंनी दोर वर घेतला.

तेव्हा माझा एखादा दांडा कडकन मोडला असता तरी बरे झाले असते. पण ज्योतिबांनी मला चांगले घडवले होते.

दिवाळी झाली आणि एका सकाळी अंगण झाडताना बाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टरांनी त्यांना मिरजेला नेले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

कुलूप लागल्यावर दवाखान्यात कुणी आले नाही. पाटीखाली चिमण्यांनी काड्या आणल्या. तेराव्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर ट्रक घेऊन आले. साताऱ्याचे त्यांचे भाऊ त्यांना आपल्याकडे बोलावत होते. तिथे कुठल्याशा औषधांच्या दुकानात बसता येईल असे ठरत होते. बाटल्या, भांडी, पुस्तके ट्रकमध्ये चढली. मग डॉक्टर ज्योतिबांना म्हणाले, "खोडा काढा."

"कुठं न्यायचा?"

"कुठे नाही. सरपणाला द्या कुणाला तरी."

ज्योतिबांनी पहार आणली. पण ते पहिल्या खांबाशी नुसतेच बसून राहिले. डॉक्टरही खाली बसले. मग डॉक्टर म्हणाले, "मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, पाय कधीपासून सुजत होते? मला सांगता आलं नाही. हजार जनावरांचे पाय बघितले मी, ज्योतिबा. तिने सांगितलं नाही, हे खरं. पण मी विचारलं नाही."

ज्योतिबांनी मान खाली घातली. माझे तोंड फिरवतानाचे आपलेच जुने शब्द त्यांना आठवले असावेत. ते म्हणाले, "दिसत मलाबी हुतं. मीबी बोललो न्हाई."

तेवढ्यात साळूबाई म्हैस घेऊन आल्या. गळू नारळाएवढे झाले होते. म्हैस पाय टेकवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, साळूबाई, दवाखाना बंद झाला आहे, गावातल्या दवाखान्यात न्या. साळूबाई म्हणाल्या, "तितपातूर चालती का ही? बघताय न्हवं?" आणि त्यांनी म्हैस सरळ माझ्यात घातली. मागचा अडसर स्वतःच लावला. मग पुढे जाऊन दोर हातात घेतला.

"धरलंय मी," त्या म्हणाल्या. "तुमी खांद्याशी या."

डॉक्टर उठेनात. म्हैस मान झाडू लागली. साळूबाईंना कानाशी गोड बोलणे जमत नाही. त्या म्हशीवर ओरडल्या, "हालू नगंस भवाने, तुझ्यापायी माझा सैपाक ऱ्हायलाय." म्हशीने मान आणखी झाडली. ज्योतिबांच्या तोंडावर हसू आले आणि त्यांनी ते लगेच पुसले.

डॉक्टर उठले. ट्रकमधून चाकूची पेटी खाली काढली, चुलीवर पाणी ठेवले, हात धुतले. ते म्हशीच्या खांद्याशी आले. गळूला चाकू लावण्याआधी त्यांनी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "एवढंच." म्हैस उभी राहिली. गळू फुटले, वाहून गेले. साळूबाईंचे लुगडे खराब झाले आणि त्याबद्दल त्या पुढे आठ दिवस बोलत होत्या.

त्या संध्याकाळी ट्रक रिकामा गेला.

आता वर्ष होत आले. दवाखाना चालू आहे. दोर धरायला कधी साळूबाई असतात, कधी जनावराच्या घरची बाई असते. डॉक्टर आता एक गोष्ट नव्याने करतात. जनावर तपासून झाले की दोर धरणाऱ्या बाईकडे बघतात आणि विचारतात, "तुमचं कसं आहे?" बायका लाजतात, काही नाही म्हणतात. डॉक्टर दुसऱ्यांदा विचारतात. दोघींना त्यांनी स्वतः मिरजेला नेऊन दाखवले. गावात याची थोडी थट्टाही होते. होऊ द्या.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला फार कळते असे नाही. पण माझ्यावर जे टेकतात त्यांचा भार मला कळतो. तुमच्या घरीही कुणीतरी असे असेल, जे सगळ्यांचे दोर धरून उभे असते आणि हळूच कशाला तरी टेकते. त्या माणसाला विचारा. काही नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. मुकी जनावरे तरी लंगडून दाखवतात.

माझ्या चार कोपऱ्यांबाहेर ज्योतिबांनी गेल्या उन्हाळ्यात छपरासाठी चार उंच खांब रोवले. वरच्या आडव्या वाशांचीही जोडणी झाली. पत्रे आणायला डॉक्टर दोनदा सांगलीला गेले. दोन्ही वेळा बाईंना निरोप दिला त्या घाटावर बसून रिकाम्या हाताने परत आले. दुपारी अजूनही दोर धरणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जाते. छप्पर व्हायचे राहिले आहे.